'टच वूड'चा झाडातल्या देवांशी संबंध नाही

"पूर्वी युरोपात झाडांमध्ये देव राहतात असं मानत, त्यांचं संरक्षण मिळावं म्हणून खोडाला हात लावत, त्यातूनच 'टच वूड' आलं." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. वाचायला छान आहे, पण त्याला पुरावा नाही.

ब्रिटिश लोकपरंपरांचे अभ्यासक स्टीव्ह रौड यांनी माग काढला, तो पोचला लहान मुलांच्या खेळापाशी. खेळाचं नाव 'टिगी टचवूड'. एकावर राज्य, बाकीचे पळतात. पळता पळता एखाद्याने दार, कुंपण, लाकडाचं काहीही धरलं की त्याला बाद करता येत नाही. 19व्या शतकात ब्रिटनमधली मुलं हा खेळ खेळत. लाकूड धरलं की आपण सुरक्षित, ही समजूत तिथूनच मोठ्यांच्या तोंडी आली असावी, आणि मला तरी हेच पटतं. येशूच्या लाकडी क्रूसावरून हे आलं, अशीही कथा सांगतात. तीही तितकीच निराधार.

दुसरा गैरसमज म्हणजे टच म्हणजे फक्त स्पर्श. 'कीप इन टच'मध्ये तो संपर्क, 'अ टच ऑफ सॉल्ट'मध्ये किंचित. 'टचस्टोन' म्हणजे सोनाराची कसोटी: काळ्या दगडावर सोनं घासायचं आणि उमटलेल्या रेघेवरून कस ठरवायचा. रग्बीत तर चेंडू 'टच'मध्ये गेला म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेर गेला. ती रेषाही मैदानाबाहेरच धरतात, त्यामुळे चेंडू रेषेला लागला तरी बाहेर.