व्हर्टिब्रोप्लास्टी

दबलेल्या मणक्यात सुईवाटे हाडांचे सिमेंट भरून त्याला आधार देण्याची शस्त्रक्रिया. हाडे ठिसूळ झालेल्या (ऑस्टिओपोरोसिस) वृद्धांमध्ये ती मुख्यतः केली जाते.

ठिसूळ मणका मोडायला अपघात लागत नाही. पाण्याची बादली उचलताना, घसरून बसकण मारताना, कधी जोराच्या खोकल्यानेही तो दबतो. छातीचा ताठर कणा जिथे कमरेच्या लवचिक कण्याला मिळतो, तिथले पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला हे मणके अधिक मोडतात. मणक्याची पुढची बाजू चेपते, तो पाचरीसारखा होतो आणि माणूस पुढे वाकतो. ‘वय झालं, पोक यायचंच’ म्हणून घरात सोडून दिलेले दुखणे पुष्कळदा न ओळखलेले फ्रॅक्चर असते. कूस बदलताना, अंथरुणातून उठताना कळ येत असेल किंवा उंची घटली असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. फ्रॅक्चर ताजे की जुने, हे एमआरआयवर कळते.

१९८४ मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथे पिएर गॅलिबेर आणि एर्वे देरामाँ यांनी हा उपचार प्रथम केला. तोही ठिसूळपणासाठी नव्हे, तर रक्तवाहिन्यांच्या गाठीने पोखरलेल्या मानेच्या मणक्यावर. रुग्णाला पालथे झोपवून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सुई मणक्यात नेतात आणि टूथपेस्टइतके दाट सिमेंट भरतात. काही मिनिटांत ते कडक होते. कायफोप्लास्टी या याच धर्तीच्या दुसऱ्या पद्धतीत आधी मणक्यात फुगा फुगवून पोकळी करतात. सिमेंट बाहेर झिरपण्याचा धोका दोन्हींत असतो. क्वचित ते मज्जारज्जूवर दाब आणते किंवा शिरेतून फुप्फुसात जाते.

गुण किती येतो, हा वाद मिटलेला नाही. २००९ मध्ये दोन चाचण्यांत काही रुग्णांवर सिमेंट न भरता नुसता शस्त्रक्रियेचा देखावा केला गेला. दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झाले. २०१६ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतले फ्रॅक्चर आणि तीव्र वेदना असलेल्यांना फायदा दिसला. २०१८ च्या नेदरलँड्समधील चाचणीत पुन्हा फरक आढळला नाही. बहुतेकांचे दुखणे वेदनाशामके, काही काळ पट्टा आणि लवकर हिंडते-फिरते होणे यांनी काही आठवड्यांत उतरते. म्हणून सरसकट सिमेंट भरणे योग्य नाही. औषधांनी न हटणाऱ्या वेदनेने अंथरुणाला खिळलेल्या, ताजे फ्रॅक्चर असलेल्या रुग्णासाठी हा पर्याय राखून ठेवावा.

पायांतली शक्ती जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर नुसते सिमेंट पुरत नाही. नसांवरचा दाब काढून स्क्रू आणि सळ्यांनी कणा बांधावा लागतो. पोकळ हाडात स्क्रूची पकड सुटते. त्यामुळे स्क्रूभोवती सिमेंट भरतात किंवा वरखालचे जास्त मणके बांधून घेतात.

सिमेंट एका मणक्यात जाते. ठिसूळपणा सगळ्या हाडांत असतो. एक मणका दबलेल्या व्यक्तीचा दुसरा दबण्याची शक्यता बरीच वाढते. त्यामुळे वर्षातून एकदा सलाइनमधून दिले जाणारे झोलेड्रोनिक अॅसिड किंवा रोज टोचायचे टेरिपॅराटाइड यांसारखी औषधे, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचा उपचार शस्त्रक्रिया होवो न होवो, सुरू करावाच लागतो.