चार नारळांचे किती?

एक नारळ ३५ चा. चार घेतले तर किती?

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला गिऱ्हाइकाने हे विचारलं. पोरगा पुटपुटला: १०५, आणि ३० म्हणजे १३५... एक नारळ ३५ चा... म्हणजे १४०. तिनाचे १०५ त्याच्या जिभेवरच असणार. चौथ्याचे ३५ त्याने मोडून घातले, आधी तीस, मग पाच.

गिऱ्हाईक खरं तर संशोधक होतं. पुढे त्याच पोराला कागदावर ३५ गुणिले ४ दिलं. तो मोठ्याने बोलत सोडवू लागला: चार पंचे वीस, हातचे दोन. दोन नि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००! हातचा आधी मिळवला, गुणलं नंतर.

टेरेझिन्हा नुनेस कॅराहर आणि सहकाऱ्यांनी हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. मुलं पाचच, वयं ९ ते १५. बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर, कागदावरच्या नुसत्या आकड्यांत जेमतेम ३७. तीच गणितं शाब्दिक उदाहरणं म्हणून घातली तेव्हा ७४.

डोकं तेच होतं. पण बाजारात समोर नारळ होते आणि पैसे मोजून देणारा माणूस उभा होता. चार नारळांचे २०० सांगितले असते, तर गिऱ्हाईक गप्प बसलं असतं का? कागद मात्र काहीच बोलत नाही.

विचार करायला आपण शरीरही असंच कामाला लावतो. आज चतुर्थी, तर एकादशीला किती दिवस? अंगठा आपोआप पेरांवरून सरकू लागतो. कुठवर आलो ते अंगठ्याने धरून ठेवलं, की डोक्याला फक्त पुढची तिथी म्हणायची राहते. शाळेत बोटं मोजली म्हणून ओरडा का बसतो, हे मला कधीच कळलेलं नाही.

पाच मुलांवरून काय ठरवायचं, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. पण अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची मोठी पाहणी केली. ती २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आली. या मुलांना सौद्याचा हिशेब तोंडी जमत होता, पाठ्यपुस्तकी गणितं जमत नव्हती. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचं नेमकं उलटं: वहीतली गणितं त्यांना बरी यायची, सौद्याच्या हिशेबात ती अडायची.