दुखणं थांबवणाऱ्या औषधाच्या पंपाचं बटण पेशंटच्या हातात का देतात?

ऑपरेशन झालं म्हणजे दुखणारच, थोडं सहन करा, आणि वर इंजेक्शन जास्त घेतलं तर सवय लागेल. हे वाक्य प्रत्येक वॉर्डात कोणी ना कोणी म्हणतंच. ऑपरेशननंतरच्या दोन-चार दिवसांत देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने, म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या जोरदार औषधाने, सवय लागण्याची शक्यता फार कमी असते, उलट पोटाला टाके असलेला माणूस दुखतं म्हणून खोकत नाही, खोल श्वास घेत नाही आणि मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. सहन करण्यात शौर्यबिर्य काही नाही.

पण किती द्यायचं? जुनी पद्धत म्हणजे दर चार तासांनी दंडात किंवा कमरेत इंजेक्शन. आता गंमत बघा, दुखणं थांबायला रक्तात औषधाची एक किमान पातळी लागते आणि ही पातळी एकाच ऑपरेशनच्या दोन पेशंटमध्ये चार-पाच पटींनी वेगळी असू शकते, वजन सारखं असलं तरी. त्यात ही रेषा बारीक, पातळी जराशी खाली गेली की कळ येते आणि जराशी वर गेली की आराम. अजून वर गेलं की गुंगी, आणि त्याच्याही वर लंबमज्जेतलं, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागातलं, श्वासाचं केंद्र सुस्त होतं, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला तरी ते नीट दाद देत नाही. चार तासांचं इंजेक्शन म्हणजे सोसायटीचं पाणी, आलं की टाकी ओसंडते आणि मग पुढची पाळी येईपर्यंत ठणठणाट. त्यात पेशंटने बेल वाजवली, सिस्टर आल्या, कपाटाची किल्ली, रजिस्टरमध्ये नोंद, मग इंजेक्शन आणि ते रक्तात भिनेपर्यंत माणूस कळवळतोय.

यावर उपाय म्हणजे पंप. शिरेत लावलेली नळी आणि पेशंटच्या हातात बटण. दाबलं की साधारण एक मिलिग्रॅम मॉर्फिन जातं, आणि मग पाच ते दहा मिनिटं पंप कुलूपबंद, कितीही दाबा, काही मिळत नाही. डोस आणि कुलपाची वेळ डॉक्टर ठरवतात, कधी दाबायचं ते पेशंट. आपली ती रेषा कुठे आहे हे कुठल्याच टेस्टमध्ये दिसत नाही, पण पेशंट दाबत दाबत स्वतःच ती शोधून काढतो.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, यातली सेफ्टी. डोस जास्त व्हायला लागला की सहसा आधी गुंगी येते, श्वास त्यानंतर मंदावतो, आणि गुंगीतला माणूस बटण दाबत नाही. म्हणजे ब्रेक पेशंटच्या झोपेतच आहे! आता हा ब्रेक कोण काढतं? आपणच, नातेवाईक. बाबा झोपलेत, जाग आल्यावर दुखू नये म्हणून मुलगा हळूच बटण दाबतो, दहा मिनिटांनी परत. प्रेमाने केलेलं असलं तरी हे जिवावर बेतू शकतं, परदेशात असे मृत्यू झालेत. म्हणून सिस्टर ओरडल्या तर राग मानू नका.

सिस्टरचं काम पंप आल्याने संपत नाही. शून्य ते दहापैकी किती दुखतंय हे त्या विचारतात, तेही नुसतं पडल्या पडल्या नाही, खोकून दाखवा म्हणतात. हाक मारून गुंगी किती आहे बघतात, श्वास मोजतात, आणि किती वेळा दाबलं आणि त्यातल्या किती वेळा खरंच मिळालं हे पंपवर वाचतात. दाबलं तीस वेळा आणि मिळालं आठ वेळा असं दिसलं तर पेशंटला विचारायचं, दुखतंय म्हणून की घाबरून? दुखत असेल तर डोस वाढवायचा की दुसरं औषध जोडायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरतं. औषधाने येणारी खाज किंवा मळमळ नको म्हणून दुखणं सातावरून चारवर आलं तरी पुरे असं काहीजण सांगतात, तो निर्णय त्यांचाच. चेहरा बघून दुखणं ओळखणारी अ‍ॅप आलीत म्हणे, पण आधी तोंडाने तरी विचारा की.

पंप सगळीकडे नसतो, महाग आहे. पण अमेरिकेतल्या फिलिप सेक्झर नावाच्या भूलतज्ज्ञाने 1960 च्या दशकात ही कल्पना तपासली तेव्हा सुरुवातीला यंत्र नव्हतंच, पेशंट मागेल तसा नर्स शिरेतून छोटा डोस द्यायची. बाजारातला पहिला पंप आला 1976 साली, वेल्समधल्या कार्डिफचा. म्हणजे विचारून थोडं थोडं देणं पंपाशिवायही जमतं, फक्त त्यासाठी एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड नसावा लागतो.