क्लच हार्ड आहे की ग्रॅबी?

रेसिंग क्लच बसवून गाडी गॅरेजबाहेर पडली की आठवडाभरात मालक परत येतो: 'क्लच फार हार्ड झालाय, जरा सेट करून द्या.' नीट विचारलं तर निम्म्या वेळा तक्रार पायाची नसतेच. गाडी सिग्नलवरून बेडकासारखी उडी मारते, नाहीतर बंद पडते, हे त्याचं खरं दुखणं असतं. पेडल जड असणं (हार्ड) वेगळं आणि प्लेटने झटक्यात पकडणं (ग्रॅबी) वेगळं. दोन्ही एकाच खोक्यातून येतात म्हणून एकच वाटतात. पहिला कारभार प्रेशर प्लेटचा, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने दाबणाऱ्या भागाचा; दुसरा क्लच प्लेटचा, म्हणजे मधे दाबल्या जाणाऱ्या, अस्तर लावलेल्या तबकडीचा.

क्लच किती टॉर्क पेलेल, हा साधा गुणाकार आहे: घासणाऱ्या बाजू, घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि सरासरी त्रिज्या. रांजणगावात बनलेली लिनिया टी-जेट घ्या, कंपनीचा टॉर्क 207 न्यूटन-मीटर. हिशेबाला सोपे आकडे धरू: दोन बाजू, घर्षणांक 0.3, दाब 6,000 न्यूटन, त्रिज्या 80 मि.मी. गुणाकार येतो 288. कंपनीच्या टॉर्कला हे पुरून उरतं. पण रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, टॉर्क 288 च्या वर नेला की चढावर, वरच्या गिअरात क्लच घसरणार: आरपीएम चढेल, वेग चढणार नाही.

आता 400 पेलणारा क्लच हवा. एक वाट अशी, की दाब 40 टक्क्यांनी वाढवून 8,400 न्यूटन करायचा. उत्तर 403. दुसऱ्या वाटेने दाब आहे तोच ठेवायचा आणि सिरॅमिक किंवा सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-भाजून केलेल्या) बटणांची, म्हणजे सलग अस्तराऐवजी सुटे तुकडे लावलेली प्लेट घालून घर्षणांक 0.42 करायचा. उत्तर पुन्हा 403. पहिल्या वाटेची किंमत डावा पाय मोजतो, दुसरीची गाडी. बाजारातल्या बऱ्याच 'स्टेज'वाल्या किट दोन्ही वाटांनी थोडं थोडं जातात, म्हणून तर गोंधळ होतो.

या गुणाकारात क्षेत्रफळ कुठेच नाही, हेही पाहून ठेवा. सहा बटणांची प्लेट 'कमी जागेत जास्त दाब, म्हणून जास्त पकड' देते असं काउंटरवर सांगतात, ते चूक. पकड वाढते ती मटेरियलमुळे. बटणांमुळे प्लेट हलकी होते, गिअर पटकन पडतो, आणि उष्णता थोड्या जागेत साठते.

झटका नेमका कुठून येतो? कंपनीची जुनी प्लेट हातात घ्या, कडेने उजेडात धरून बघा. दोन अस्तरांच्या मधे पातळ, नागमोडी पोलादी पत्रा दिसेल. अंगठा आणि बोटांत दाबलंत तर किंचित लवेलही. याला मार्सेल किंवा कुशन स्प्रिंग म्हणतात. क्लच सोडताना आधी हा पत्रा दबतो, मग अस्तर पूर्ण बसतं. पेडलचे 40 मि.मी. म्हणजे प्रेशर प्लेटचा 1 मि.मी. असं धरलं, आणि कुशन 0.7 मि.मी. असली, तर पायाला 28 मि.मी.चा हाफ क्लच मिळतो. बटणांच्या बहुतेक रेसिंग प्लेटमधे ही कुशन नसते. मग तेच काम दोन-चार मि.मी.त उरकतं, तेही जास्त घर्षणांकावर. प्लेटच्या मधोमध दिसणाऱ्या जाड गोल स्प्रिंगा वेगळ्या. त्या इंजिनचे हेलकावे गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. 'स्प्रिंगवाली प्लेट आहे, स्मूथ चालेल' या शब्दावर विसंबू नका. कुशन आहे का, ते विचारा. सोबत हलकं फ्लायव्हील (इंजिनला जोडलेलं, क्लच ज्यावर पकडतो ते चाक) घातलं असेल तर दुष्काळात तेरावा महिना, कारण क्लच पकडताना इंजिनला सावरायला जडत्वच उरत नाही.

घरी पडताळायला दहा मिनिटं पुरतात. इंजिन बंद ठेवून पेडल दाबा. तेव्हाही जड लागलं तर दुखणं दाबाकडचं. बॅगा तोलायचा हुकचा काटा पेडलला अडकवून पेडलच्या चालीच्या दिशेने खेचा. साध्या गाडीत साधारण 8 ते 13 किलो येतात. 20 च्या वर गेलं तर मुंबईच्या ट्रॅफिकमधे गुडघा बोलणारच. मग सपाट रस्त्यावर इंजिन सुरू करून पहिला गिअर टाका, अॅक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, क्लच हळूहळू सोडा. गाडी पहिल्यांदा सरकते तिथपासून पूर्ण पकडेपर्यंत पेडल किती वर आलं ते बघा. बोटभर आलं तर प्लेट शहाणी आहे. नखाएवढंच आलं तर ती ग्रॅबी, मग पेडल कितीही हलकं असो.

'सेट करून द्या'चा उपयोग इथेच संपतो. केबलच्या नटाने किंवा पुशरॉडने पकड वर होते की खाली, एवढंच बदलतं. पकडीची रुंदी त्याने तसूभरही वाढत नाही.

जड पेडलवर उपाय निघतात. केबलची गाडी असेल तर आधी नवी केबल टाका. गंजलेली केबल चांगल्या प्रेशर प्लेटला बदनाम करते. हायड्रॉलिकमधे मास्टर सिलिंडर (पेडलने तेल ढकलणारा) 3/4 इंचावरून 5/8 इंचाचा केला तर पेडल जवळपास 31 टक्के हलकं होतं. पण तेलही तेवढंच कमी ढकललं जातं. क्लच पूर्ण सुटत नाही, आणि रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज आला की समजा, गणित उलटलं. सवयीचीही एक गोष्ट: सिग्नलला क्लच दाबून उभे राहू नका, न्यूट्रल करा. जास्तीचा दाब रिलीज बेअरिंगवर (क्लच सोडवणारं) आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, थ्रस्ट बेअरिंगवर सतत बसतो, आणि थ्रस्ट बेअरिंग गेलं तर काम इंजिन खोलण्यावर येतं.

ग्रॅबी प्लेटला स्पॅनरचा इलाज नाही. बेडिंग (नवी प्लेट घासून नीट बसू देणं) आणि पाय, एवढंच हातात असतं. पहिले 500 ते 800 किमी शहरात, पाय हलका ठेवून चालवा. एक्सप्रेसवेवर मारलेले किलोमीटर यात धरू नका. पाचव्या गिअरात क्लच काही करतच नाही, तर बसणार काय? आणि साध्या प्लेटची हाफ क्लचची सवय इथे उलटते. बटणांना जितकं घासाल तितकी गाडी थरथरते, कारण वेग जुळत आला की घर्षण आणखी वाढतं आणि प्लेट पकड-सोड करायला लागते. आरपीएम 1,200 ते 1,500 वर स्थिर ठेवा, पकड लागली की न रेंगाळता पाय उचला, पण एकदम सोडून देऊ नका. खंबाटकीच्या चढावर अडकलात तर हँडब्रेकवरूनच निघा. थंड गाडीत पहिले काही झटके जास्त बसतील, ते चालायचंच.

रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला माझ्या मते पहिलीच वाट बरी: पूर्ण अस्तराची, कुशन असलेली ऑरगॅनिक (साध्या गाडीत असते तशा अस्तराची) प्लेट आणि दाब बेताने वाढवलेली प्रेशर प्लेट. जड पेडलची पायाला सवय होते. झटक्याची ना ड्राइव्हशाफ्टला होते, ना माउंटिंगला, ना शेजारी बसलेल्या माणसाला. बटणांची प्लेट कोइंबतूरच्या कारी स्पीडवेसारख्या रेस ट्रॅकवर शोभते.

पहिल्या दिवसापासून असलेला झटका हा प्लेटचा स्वभाव. सहा महिने नीट चाललेली गाडी अचानक थरथरायला लागली तर तो बिघाड. आधी इंजिनचे माउंटिंग बघा, मग बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) खालच्या भोकाशी तेलाचा ओलावा आहे का ते. इंजिनचं तेल आलं तर क्रँकचं मागचं सील, गिअर ऑइलचा उग्र वास आला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. तेल प्यायलेलं ऑरगॅनिक अस्तर पेट्रोलने धुऊन परत बसवणारे भेटतात. दोन दिवस चालतं, उष्णतेने तेल पुन्हा वर येतं. सील दोन्ही सुकी निघाली तर फिटिंगच्या वेळचं ग्रीस आठवा: स्प्लाइनवर (प्लेट ज्यावर सरकते त्या शाफ्टच्या खाचांवर) मुगाच्या दाण्याएवढं पुरतं, प्लेट दोनदा मागेपुढे सरकवून कडेला आलेलं पुसून काढायचं. बोटभर चोपडलेलं ग्रीस फिरता फिरता थेट अस्तरावर उडतं.