देलाँच्या सहीवर हक्क कुणाचा?

एप्रिल २०२४ मध्ये फ्रान्समधल्या एका न्यायालयाने फ्रेंच चित्रपटनट आलाँ देलाँला 'क्युरातेल राँफोर्से'खाली ठेवलं आणि जगभरच्या बातम्यांत एकच शब्द फिरला: पालकत्व. ८८ वर्षांच्या माणसाला पालक नेमला, म्हणजे त्याला वेड लागलं असणार किंवा मुलांनी त्याचा ताबा घेतला असणार, असं वाचणाऱ्याला वाटलं तर दोष वाचणाऱ्याचा नाही. आपल्याकडे 'पालक' हा शब्द अज्ञान मुलाला चिकटलेला आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदाही अज्ञानांसाठीच. शरीराने थकलेल्या, अधूनमधून गोंधळणाऱ्या, पण सज्ञान आणि बऱ्यापैकी भानावर असलेल्या म्हाताऱ्यासाठी मधला असा रुळलेला शब्द मराठीत नाही. त्यामुळे फ्रेंच न्यायालयाने दिलं एक आणि आपण वाचलं दुसरंच.

फ्रान्समध्ये आज जी व्यवस्था आहे ती २००७ च्या कायद्याने आली आणि २००९ पासून लागू झाली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली तात्पुरत्या संरक्षणाची. तिच्यात माणसाचे अधिकार शाबूत राहतात, फक्त एखाद्या ठरावीक कामापुरता न्यायालय कुणाला तरी नेमू शकतं. जानेवारी २०२४ मध्ये देलाँला हीच पायरी लागली होती, औषधोपचारांवर देखरेख ठेवण्यासाठी. सगळ्यात वरची पायरी 'त्युतेल'. तिच्यात नेमलेला माणूस तुमच्या वतीने सही करतो. आपण ज्याला पालकत्व म्हणतो ते साधारण हे. देलाँवर ही वेळ कधीच आली नाही.

मधली पायरी 'क्युरातेल'. तिच्यात सही तुमचीच लागते, पण मोठ्या व्यवहाराला ती एकटी पुरत नाही. हाउसिंग सोसायटीच्या चेकवर चेअरमनच्या जोडीला खजिनदाराची सही लागते, तसंच. खजिनदार आहे म्हणून चेअरमन बिनअकली ठरत नाही. 'राँफोर्से' म्हणजे हीच व्यवस्था अधिक कडक केलेली: उत्पन्न नेमलेल्या माणसाच्या हातून जमा होतं, देणी तोच भागवतो आणि उरलेले पैसे तुमच्या हाती देतो. घर विकायचं, मोठी देणगी द्यायची, तर त्याची साथ हवी. मृत्युपत्र मात्र एकट्याने करता येतं. मतदानाचा हक्क राहतो. एवढं सगळं 'पालकत्व' या एका शब्दात कोंबलं की जे उरतं ते निव्वळ बदनामी असते, आणि तीही जिवंत माणसाची.

या बारकाव्यावर इतकी जागा खर्च करण्याचं कारण असं की देलाँच्या बाबतीत सही ही किरकोळ गोष्ट नव्हती. नट म्हणून त्याच्या चेहऱ्यावर बरंच लिहून झालं आहे. व्यवहारी माणूस म्हणून तो काय होता, हे त्या मानाने कुणी फारसं पाहत नाही.

जन्म ८ नोव्हेंबर १९३५, पॅरिसच्या दक्षिणेला सो या गावी. आईवडील लवकर वेगळे झाले आणि पोर दुसऱ्या कुटुंबात वाढलं. तिथला घरधनी फ्रेन तुरुंगात पहारेकरी होता. पुढे अनेक शाळांतून हकालपट्टी, सावत्र वडिलांच्या मांसाच्या दुकानात उमेदवारी, १७ व्या वर्षी नौदल, मग इंडोचायनातलं युद्ध. तिथे जीप पळवल्याबद्दल कोठडी. १९५६ ला परत आला तेव्हा गाठीला काही नव्हतं. पॅरिसच्या घाऊक बाजारात हमाली केली, कॅफेत ताटल्या उचलल्या. या काळाबद्दल नंतर खूप दंतकथा तयार झाल्या, त्यांतल्या बऱ्याच त्याने स्वतःच पेरलेल्या.

१९५७ मध्ये कान महोत्सवाच्या गर्दीत एका अमेरिकी निर्मात्याच्या माणसांनी त्याला हेरलं. इंग्रजी शिक, सात वर्षांचा करार घे, असा देकार होता. तो त्याने सोडला आणि फ्रान्समध्येच पहिलं काम घेतलं. नवख्या पोराने हॉलिवूडला नाही म्हणायचं हे त्या काळी वेडेपणाचंच होतं. लगेच १९६० च्या 'प्लँ सोलेय'मध्ये त्याला श्रीमंत मुलाची, म्हणजे ज्याचा खून होतो त्याची भूमिका देऊ केली होती. याला हवा होता खुनी. दिग्दर्शकाच्या घरी रात्री उशिरापर्यंत वाद चालला आणि शेवटी खोलीच्या कोपऱ्यातून दिग्दर्शकाची बायको म्हणाली, पोरगा बरोबर बोलतोय. असं देलाँ पुढे सांगत असे. भूमिका त्याला मिळाली. त्याच वर्षी इटालियन दिग्दर्शक व्हिस्कोंतीचा 'रोक्को' आला, १९६२ मध्ये तिथल्याच अंतोनियोनीचा चित्रपट, १९६३ मध्ये पुन्हा व्हिस्कोंतीचा 'इल गात्तोपार्दो'. तीन-चार वर्षांत इतकं मोठं काम वाट्याला आलेला दुसरा नट त्या पिढीत दाखवणं अवघड.

मला मात्र १९६३ चाच दुसरा चित्रपट जास्त बोलका वाटतो. 'मेलोदी आँ सू-सोल'मध्ये ज्याँ गाबँ मुख्य नट, देलाँ त्याच्या जोडीला. निर्माते याला हवे तितके पैसे द्यायला तयार नव्हते. त्याने मानधनच सोडलं आणि बदल्यात काही देशांतले वितरणहक्क मागून घेतले. त्यांत जपान होता. निर्मात्यांना वाटलं, स्वस्तात सुटलो. पण जपानने या माणसाला असं काही डोक्यावर घेतलं की पुढे १९७० च्या दशकात तिथल्या टीव्हीवर सुटांच्या जाहिरातीत तो फ्रेंच बोलत यायचा, आणि ज्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं तेही सूट घ्यायचे. नंतर अत्तरं आली, चष्मे आले, कोन्याक आलं, सिगारेटी आल्या. सगळ्यांवर त्याचं नाव. १९९९ मध्ये त्याने स्वित्झर्लंडचं नागरिकत्व घेतलं, आणि नावाचा कारभारही तिथूनच चाले.

निर्मिती तर १९६४ पासूनच सुरू होती. 'बोर्सालिनो'त (१९७०) त्याच्यासोबत नट बेलमोंदो होता. दोघांच्या नावांना समान मान असं ठरलं होतं, पण पडद्यावर सुरुवातीलाच निर्माता म्हणून देलाँचं नाव झळकलं आणि बेलमोंदो थेट न्यायालयात गेला. एका नामावलीवरून दोन मित्र इतके भांडले याचं हसू येतं खरं. पण नाव कुठे, किती मोठ्या अक्षरात आणि कुणाच्या आधी, हाच त्या धंद्याचा सातबारा असतो.

चेहऱ्याबद्दल एकच सांगतो. 'ल सामुराई' (१९६७) चा पहिला प्रसंग. राखाडी खोली, खिडक्यांतून येणारा मिणमिणता उजेड, मधोमध पिंजऱ्यात एक पक्षी. पलंगावर कुणीतरी आहे हे सिगारेटचा धूर वर जातो तेव्हा कळतं. तो उठतो, कोट घालतो, आरशासमोर टोपीच्या कडेवरून दोन बोटं फिरवतो आणि निघतो. सुमारे दहा मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. दिग्दर्शक मेलव्हिल सांगायचा की पटकथा वाचून दाखवताना सात-आठ मिनिटं उलटली तरी संवाद येईना, तेव्हा देलाँने त्याला थांबवलं आणि तिथेच होकार दिला. संवादांची संख्या मोजून भूमिका घेणाऱ्यांच्या जगात हे उठून दिसतं. पुढच्या वर्षी त्याच्या एका माजी अंगरक्षकाचा मृतदेह पॅरिसजवळ कचऱ्याच्या ढिगाऱ्यात सापडला. चौकशा झाल्या, अफवा थेट राजकारणाच्या शिखरापर्यंत गेल्या, शेवटी कुणावरही काही सिद्ध झालं नाही.

१९७६ च्या 'मस्यू क्लाइन'मध्ये पैसाही त्याने लावला. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये ज्यूंकडून पडत्या भावात चित्रं घेणारा एक व्यापारी. त्याच्याच नावाचा कुणी ज्यू निघतो आणि हा कागदपत्रं गोळा करत, मी तो नव्हे, हे सिद्ध करत फिरतो. वर्षाच्या सर्वोत्तम चित्रपटाचं सेझार हे फ्रेंच पारितोषिक या चित्रपटाला मिळालं, नटाचं मात्र नाही. ते देलाँला १९८५ मध्ये वेगळ्याच चित्रपटासाठी मिळालं आणि घ्यायला तो फिरकलाही नाही.

नंतरची वीस वर्षं भराभर सोडता येतात. अखेरची लक्षात राहणारी हजेरी २००८ च्या अ‍ॅस्टेरिक्सपटात, ज्यूलियस सीझर म्हणून. हा माणूस स्वतःबद्दल तृतीयपुरुषी बोलतो अशी फ्रान्समध्ये जुनी थट्टा होती, त्यामुळे सीझरची भूमिका म्हणजे त्याने स्वतःचीच करून घेतलेली गंमत.

मे २०१९ मध्ये कान महोत्सवाने त्याला सन्माननीय पाम दोर हे पारितोषिक दिलं तेव्हा अमेरिकेतल्या एका महिला संघटनेने विरोध केला, सह्यांची मोहीम चालली. बायकांवर हात उगारल्याची त्याने स्वतः दिलेली कबुली, समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याला विरोध, कडव्या उजव्या नेत्याशी मैत्री, असे आक्षेप होते, आणि ते खोटे नव्हते. आयोजकांचं म्हणणं एवढंच की आम्ही शांततेचं नोबेल देत नाही आहोत. व्यासपीठावर तो रडला. ही आदरांजली मरणोत्तर आहे, फक्त मी अजून जिवंत आहे, अशा अर्थाचं बोलला. महिन्याभरात त्याला पक्षाघाताचा झटका आला.

तिथून कुरबुर सुरू झाली. घरात राहून देखभाल करणाऱ्या बाईंविरुद्ध जुलै २०२३ मध्ये तिन्ही मुलांनी एकत्र तक्रार केली. त्या स्वतःला जोडीदार म्हणवत, मुलं त्यांना सोबतीला ठेवलेली बाई म्हणत. फ्रेंचमध्ये या दोन शब्दांत अंतर थोडंच, पण सगळं भांडण त्या अंतरात मावलं. तक्रार सरकारी वकिलांनी जानेवारीत बंद केली. तोवर मुलंच एकमेकांवर उलटली होती: वडिलांच्या चाचण्यांचे निकाल कुणी लपवले, उपचार कुठे व्हावेत, फ्रान्समध्ये की स्वित्झर्लंडमध्ये. दोन्ही बाजू टीव्हीवर बोलत होत्या. फेब्रुवारीत दुशी गावच्या त्याच्या घरी ७२ बंदुका आणि ३००० च्या वर काडतुसं सापडली, परवाना एकाचाही नाही. मग एप्रिलमधला तो आदेश. माझ्या मते न्यायालयाने त्याला सर्वांत जास्त जपलं ते मुलांच्या भांडणापासून. पण मथळ्यांत त्याचं पोर झालं.

१८ ऑगस्ट २०२४ ला तो गेला. खाजगी जागेत दफन करायचं तर तिथे प्रशासनाची परवानगी लागते. ती मिळाली आणि २४ तारखेला दुशीच्या आवारात, त्याने स्वतः बांधून घेतलेल्या प्रार्थनाघरात, त्याला ठेवलं. आसपास त्याच्या तीसहून जास्त कुत्र्यांच्या समाध्या आहेत. शेवटचा कुत्रा लूबो. मी आधी गेलो तर डॉक्टरला सांगून त्यालाही माझ्यासोबत पाठवा, असं देलाँ २०१८ च्या मुलाखतीत बोलून गेला होता. प्राणिमित्र चिडले, घरच्यांनी सांगून टाकलं की असलं काही होणार नाही. लूबो घरीच राहिला.

२०२५ मध्ये धाकटा मुलगा न्यायालयात गेला. वाद आहे नोव्हेंबर २०२२ च्या मृत्युपत्राचा, आणि देलाँच्या नावाचे व्यवहार पाहणाऱ्या कंपनीतला बहुसंख्य हिस्सा बहिणीकडे नेणाऱ्या बक्षिसपत्राचा. सही करताना वडील भानावर होते का, हा त्याचा सवाल. ती सही केली तेव्हा क्युरातेलचा आदेश यायला अजून दीड वर्ष होतं आणि शेजारी दुसरी सही लागत नव्हती.