‘मी केलेली तक्रार’ आणि ‘मी केल्याची तक्रार’: इंग्रजीत दोन्हींना एकच ‘दॅट’

‘द कम्प्लेंट दॅट आय मेड वॉज फॉल्स.’
‘द कम्प्लेंट दॅट आय मेड नॉइज वॉज फॉल्स.’

पहिले पाच शब्द दोन्हीकडे तेच आहेत. पण पहिल्या वाक्यात बोलणारा स्वतः तक्रारदार आहे आणि आपली तक्रार खोटी होती असं कबूल करून बसलाय. दुसऱ्यात तक्रार त्याच्याच विरुद्ध झालीय, आवाज केल्याची, आणि ती खोटी होती असं तो ठणकावून सांगतोय. कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या माणसाच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली आणि खुलासा इंग्रजीत द्यायचा असला, तर हा फरक व्याकरणाच्या तासापुरता राहत नाही. एक शब्द गळला की फिर्यादी आणि आरोपी यांची अदलाबदल होते.

मराठीत मात्र हा घोटाळा कुणाचाच होत नाही. ‘मी केलेली तक्रार’ आणि ‘मी आवाज केल्याची तक्रार’ यांत गल्लत करणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. ‘-लेली’ म्हटलं की तक्रार माझ्या हातची. ‘-ल्याची’ म्हटलं की तक्रारीत काय लिहिलंय ते सांगणं चाललंय. इंग्रजीने या दोन कामांना एकच माणूस नेमलाय, एवढाच काय तो प्रश्न.

सांगली-साताऱ्याच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना यांची शाळेतली नावं पाठ असतात. पहिलं विशेषणवाक्य, दुसरं नामवाक्य. पहिल्याचा मराठी विस्तार ‘जी तक्रार मी केली, ती’ असा होतो, म्हणजे तिथे ‘जी’ हे संबंधी सर्वनाम आलं. दुसऱ्याचा विस्तार ‘तक्रार अशी की मी आवाज केला’, आणि इथला ‘की’ म्हणजे स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय. (आपल्याकडे ‘आलो की!’, ‘हाय की!’ असं म्हणतात तो ‘की’ हा नव्हे. तो नुसता जोर द्यायला येतो, कशाला काही जोडत नाही.)

इंग्रजी वाक्य समोर आलं की ओळखायचं कसं? ‘दॅट’च्या पुढचा तुकडा सुटा काढून वाचा. ‘आय मेड’ – काय केलं? वाक्य लंगडं पडतं, त्यात एक जागा रिकामी आहे आणि ती जागा ‘कम्प्लेंट’ची आहे. म्हणून हे विशेषणवाक्य. ‘आय मेड नॉइज’ – हे आपल्या पायावर उभं आहे, आत रिकामं काही नाही. म्हणून हे नामवाक्य.

कृष्णेच्या पुराने हा फरक सांगलीकरांना चांगला समजावून देता येतो. आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं. अशा वेळी परदेशात असलेल्या पुतण्याच्या बायकोला, जिला मराठी येत नाही तिला, विचारायचंय. ‘डिड यू गेट द मेसेज दॅट आय सेंट?’ म्हणजे मी पाठवलेला मेसेज मिळाला का. त्यात काय होतं ते या वाक्यात नाही. ‘डिड यू गेट द मेसेज दॅट आय वॉज सेफ?’ म्हणजे मी सुखरूप असल्याचा निरोप मिळाला का. तो निरोप मीच पाठवला की शेजाऱ्याने, हे या वाक्यात नाही. एकात मजकूर गुलदस्त्यात, दुसऱ्यात पाठवणारा.

याचे व्यवहारातले परिणाम दोन. एक, विशेषणवाक्यातल्या ‘दॅट’च्या जागी ‘विच’ चालतं: ‘द कम्प्लेंट विच आय मेड’. नामवाक्यात ते चालत नाही. ‘द कम्प्लेंट विच आय मेड नॉइज’ हे इंग्रजीच नव्हे, पण ‘विच’ जास्त भारदस्त वाटतं म्हणून अर्जांमध्ये ते सर्रास घातलेलं दिसतं. दुसरं, ‘मी केलेली’ या अर्थाचं ‘दॅट’ बिनदिक्कत गाळता येतं. ‘द कम्प्लेंट आय मेड’ असंच रोजच्या इंग्रजीत ऐकू येतं. ‘मी केल्याची’ या अर्थाचं ‘दॅट’ लेखनात ठेवलेलं बरं. बोलताना ‘फॅक्ट’ किंवा ‘फीलिंग’ अशा शब्दांपुढे तेही गळतं, पण आपण परक्या भाषेत खुलासा लिहीत असताना ती चैन कशाला?

कानाने काही मदत होईल म्हणावं, तर तीही नाही. ‘ते तिकडचं’ या अर्थाचं ‘दॅट’ ठसठशीत उच्चारलं जातं. ही दोन्ही मात्र ओझरती, जवळपास ‘दट’ अशी निघून जातात.

काही वाक्यं तर खरोखरच दुतोंडी असतात. ‘द फॅक्ट दॅट आय फरगॉट’ घ्या. ‘मी विसरलेली गोष्ट’ की ‘मी विसरलो ही गोष्ट’? ‘फरगॉट’ला कर्म असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं, त्यामुळे रिकामी जागा आहे की नाही हे पुढचं-मागचं वाचल्याशिवाय कळत नाही. ‘द क्लेम दॅट आय वॉज इन्व्हेस्टिगेटिंग’ तसंच: मी तपासत होतो तो दावा, किंवा मी तपास करत होतो असा कुणीतरी केलेला दावा. मराठीत आणताना यातलं एक निवडावंच लागतं, संदिग्धता तशीच पुढे ढकलायची सोय नाही. मला हा मराठीचा मोठा गुण वाटतो.

‘दॅट’ हा कोणत्या जातीचा शब्द, यावर इंग्रजीच्या व्याकरणकारांचंही एकमत नाही. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1985 च्या मोठ्या व्याकरणात पहिलं ‘दॅट’ संबंधी सर्वनाम आहे आणि दुसरं उभयान्वयी अव्यय. 2002 मध्ये हडलस्टन आणि पुलम यांनी आपल्या व्याकरणात दोन्हींना एकाच खान्यात घातलं: दोन्ही वाक्यं जोडणारेच शब्द, सर्वनाम कुणीच नाही. त्यामागे तर्क आहे. ‘विच’च्या आधी ‘ऑन’सारखा शब्द येऊ शकतो (‘द चेअर ऑन विच आय सॅट’), ‘दॅट’च्या आधी येऊ शकत नाही, मग त्याला सर्वनाम का म्हणायचं? मला दुसरी बाजू जास्त पटते. पण नाव काहीही द्या, रिकामी जागा शोधण्याचं काम चुकत नाही.

इथपर्यंत मराठी आपल्या बाजूने होती. आता ती कुठे गोत्यात आणते ते बघू, कारण आपल्या इंग्रजीतल्या खऱ्या चुका तिथेच होतात.

मराठीचं ‘-ल्याचा’ फार ऐसपैस आहे. पैसे भरल्याची पावती. मी रहिवासी असल्याचा दाखला. मला बढती मिळाल्याचं पत्र. भाजी करपल्याचा वास. दार वाजल्याचा आवाज. मी घसरून पडल्याचा फोटो. सगळं अस्सल मराठी आहे, यात काहीच खटकत नाही. इंग्रजीच्या ‘दॅट’ला मात्र हे झेपत नाही. त्याला आपल्या आधी असं नाम लागतं की ज्याचा मजकूर सांगता येतो, मानता येतो किंवा मनात धरता येतो: बातमी, अफवा, दावा, आरोप, आशा, भीती, वचन. पावती हा कागद झाला, वास तर नाकाचा विषय.

मार्केट यार्डात हळद विकून आलेला शेतकरी ‘हळद विकल्याची पट्टी’ म्हणतो. तिचं सरळ इंग्रजी करून कुणी ‘द स्लिप दॅट आय सोल्ड टर्मरिक’ म्हटलं, तर ऐकणारा ‘द स्लिप दॅट आय सोल्ड’ इथेच गाडी थांबवतो: याने पट्टीच विकली! पुढे ‘टर्मरिक’ आलं की त्याला काहीच उमजत नाही. तिथे ‘द स्लिप फॉर द टर्मरिक आय सोल्ड’ म्हणावं लागतं. पावतीला ‘रिसीट फॉर द पेमेंट’, पत्राला ‘लेटर सेइंग दॅट’, दाखल्याला ‘सर्टिफिकेट स्टेटिंग दॅट’. म्हणजे कागद बोलतोय हे इंग्रजीत वेगळ्या क्रियापदाने सांगावं लागतं. वासाला आणि आवाजाला नुसतं ‘ऑफ’ पुरतं.

नाम चालणारं आहे की नाही, हे तपासायला मध्ये ‘इज’ घालून बघा. ‘द कम्प्लेंट इज दॅट आय मेड नॉइज’, तक्रार ही की मी आवाज केला: चाललं. ‘द स्लिप इज दॅट आय सोल्ड टर्मरिक’, पट्टी ही की मी हळद विकली: हे कुणी बोलणार नाही.

‘डे’ आणि ‘रीझन’ ही दोन नामं मात्र वरच्या सगळ्या नियमांना थोडी बगल देतात. ‘द डे दॅट आय जॉइन्ड’मध्ये ‘आय जॉइन्ड’ पूर्ण वाटतं, तरी ते विशेषणवाक्यच आहे, कारण ‘त्या दिवशी’ ही जागा आत रिकामी आहे. मराठीत आपण ‘मी रुजू झालो तो दिवस’ म्हणून मोकळे होतो.

‘रीझन’ जास्त फसवं. ‘मी रजा घेतल्याचं कारण’ यात ‘-ल्याचं’ दिसलं म्हणून नामवाक्य समजाल, तर ‘इज’ घालून बघा: ‘द रीझन इज दॅट आय टुक लीव्ह’. अर्थ उलटला. आता रजा हेच दुसऱ्या कशाचं तरी कारण झालं, जसं की पगार कापला गेल्याचं. ‘द रीझन दॅट आय टुक लीव्ह’मधला ‘दॅट’ खरं तर ‘व्हाय’च्या जागी आलेला आहे. पूर्ण वाक्यात दोन्ही प्रकारचे ‘दॅट’ येतात: ‘द रीझन दॅट आय टुक लीव्ह इज दॅट माय मदर हॅड सर्जरी इन मिरज.’ पहिल्या ‘दॅट’च्या जागी ‘व्हाय’ घाला किंवा तो खुशाल गाळा. दुसरा अर्जात तरी राहू द्या.