पोरांना तुरुंग दाखवून काय साधतं?

१९७० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्यांनी एक उपक्रम सुरू केला. चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या मुलांना आत बोलवायचं, त्यांच्या अंगावर ओरडायचं आणि आतले हाल सांगून पार घाबरवून सोडायचं. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, इतर राज्यांनी नक्कल केली. 'एकदा चौकीत बसवा, सुतासारखा सरळ येईल' म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

पुढे संशोधकांनी अशा नऊ प्रयोगांचा हिशेब मांडला. त्यांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं दोन गटांत वाटली होती. तुरुंग पाहून आलेल्या मुलांनीच नंतर जास्त गुन्हे केले. म्हणजे काहीच केलं नसतं तरी बरं झालं असतं!

या वयात धाकापेक्षा दोस्तांचा जोर मोठा असतो. २००५ साली लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना मोटार चालवण्याचा संगणकीय खेळ दिला. एकटं असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांइतकीच जपून खेळली. बाजूला मित्र बसले, की त्यांनी घेतलेले धोके जवळपास दुप्पट झाले. मोठ्यांना मात्र फरक पडला नाही. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो.

आता सुधारगृहाचा विचार करा. तिथे चोवीस तास सोबत कोणाची असते? शिकागोतल्या सुमारे ३५ हजार मुलांच्या खटल्यांचा अभ्यास झाला. कोणता न्यायाधीश मिळणार हे तिथे बरंचसं नशिबावर होतं, त्यामुळे सारख्याच मुलांची तुलना करता आली. कडक न्यायाधीशामुळे कोठडीत गेलेल्यांची शाळा जास्त सुटली आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याचं प्रमाणही वाढलं. एरवी यातली बहुतेक मुलं विशीत आपणहून निवळतात. लहानपणापासून हिंसक असलेली थोडी. त्यांच्यासाठी शाळेत जायच्या वयाआधीच घराला आधार द्यावा लागतो.

२०२४ मध्ये पुण्यातल्या मोटार अपघातानंतर १७ वर्षांच्या मुलाला जामिनाची अट म्हणून ३०० शब्दांचा निबंध सांगितला गेला, तेव्हा लोक भडकले. दोन जीव गेले होते, भडकणारच. पण निबंध हास्यास्पद होता म्हणून कोठडी गुणकारी ठरत नाही. आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो. १६ वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची वाटही त्यातच आहे. अमेरिकेत मिझुरी राज्याने तर १९८३ मध्ये आपली मोठी सुधारशाळा बंद करून मुलांच्या घराजवळ लहान लहान केंद्रं काढली.